टाका लहान, काम तेवढेच : मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेविषयी वाचकांचे प्रश्न

मोठ्या आतड्याच्या आजारांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : दुर्बिणीने शस्त्रक्रिया करावी की पोट उघडून? काही वाचकांनी तिला ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हटले आहे, काहींनी ‘बिनटाक्याचे’. यात लेझर नसते आणि टाकेही असतात. पोटाच्या भिंतीला अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची चार-पाच छिद्रे पाडून, त्यांतील एकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून लांब दांड्यांची अवजारे आत घालून, पडद्यावर पाहत केलेली ही शस्त्रक्रिया असते. पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वडील 67 वर्षांचे असून शेती करतात. शौचावाटे रक्त जात होते, ते मूळव्याध समजून आठ महिने गावातच औषध घेतले. आता कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइड भागात, गाठ सापडली आणि तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला. सीटी स्कॅननुसार तो इतरत्र पसरलेला नाही. सर्जन दुर्बिणीने करू म्हणतात. आमचे थोरले काका मात्र म्हणतात, एवढ्याशा भोकातून कॅन्सर मुळासकट निघणार कसा? घरात यावरून दोन तट पडले आहेत. (एक वाचक, कराड)

उत्तर : आपल्या काकांची शंका अडाणीपणाची नाही, कारण नेमकी हीच शंका एके काळी जगभरातील सर्जनांना होती. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतातील पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मायामी येथे डॉ. मोझेस जेकब्स यांनी मोठ्या आतड्याचा भाग याच पद्धतीने काढला. पित्ताशयाची पद्धत पाहता पाहता रूढ झाली. आतड्याच्या कॅन्सरचे तसे झाले नाही, कारण सुरुवातीच्या काही रुग्णांमध्ये अवजारे घातलेल्या छिद्रांच्या जागीच कॅन्सर पुन्हा उगवल्याच्या नोंदी आल्या आणि अनेक जाणत्या सर्जनांनी हात आखडता घेतला. तो आखडता घेणे योग्यच होते.

या शंकेचा निकाल लागला तो प्रत्यक्ष तुलनेने. अमेरिका व कॅनडातील 48 संस्थांमध्ये 872 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एका गटाची शस्त्रक्रिया पोट उघडून, तर दुसऱ्याची दुर्बिणीने करण्यात आली. 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात 16 टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात 18 टक्के होते, हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 86 आणि 85 टक्के होते, आणि ज्याची सर्वांना भीती होती ते जखमेच्या जागी कॅन्सर परत येणे दोन्ही गटांत एक टक्क्याहूनही कमी होते. ब्रिटनमधील आणि युरोपातील मोठ्या चाचण्यांनीही पुढे हेच दाखवले. तेव्हा कॅन्सरपुरते बोलायचे तर दोन्ही पद्धती तोलास तोल आहेत.

आता ‘एवढ्याशा भोकातून’ या शब्दांविषयी. आतील काम छिद्राएवढे नसते, हे काकांना समजावून सांगावे. कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट तंबूसारखे उचलले की आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी तिच्या मुळाशी गाठून बंद केली जाते. त्या वाहिनीच्या कडेने लसिका ग्रंथी असतात आणि कॅन्सर पसरायचा झाला तर आधी त्यांच्यात जातो, म्हणून गाठीच्या दोन्ही बाजूंचे निरोगी आतडे, त्याला धरून ठेवणारा चरबीचा पडदा आणि त्यातील ग्रंथी हे सर्व एकसंध सोडवून काढायचे असते. पॅथॉलॉजिस्टला त्यात किमान 12 ग्रंथी तपासता याव्यात, हा निकष उघड्या शस्त्रक्रियेला जितका लागू आहे तितकाच दुर्बिणीलाही आहे. सुटा झालेला भाग छिद्रातून ओढून काढत नाहीत. त्यासाठी चार ते सहा सेंटिमीटरचा एक छेद घेऊन, त्याच्या कडांना प्लास्टिकचे अस्तर लावून तो बाहेर घेतात, म्हणजे कॅन्सरच्या पेशी जखमेला लागत नाहीत. त्या जुन्या भीतीतूनच ही काळजी शिकली गेली.

दुर्बिणीत सर्जनचा हात आतड्यापर्यंत पोहोचत नाही, ही उणीव खरी आहे. उघड्या शस्त्रक्रियेत लहानशी गाठही बोटांना लागते, येथे ती चाचपता येत नाही. म्हणून गाठ लहान असेल तर कोलोनोस्कोपीच्या वेळीच तिच्याजवळ काळ्या शाईचे इंजेक्शन देऊन गोंदण करून ठेवतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तो काळा डाग आतड्याच्या बाहेरून दिसतो. आपल्या वडिलांचे असे गोंदण झाले आहे का, की गाठ मोठी असल्याने त्याची गरज नाही, हे जरूर विचारावे.

सिग्मॉइडचा भाग काढल्यावर दोन टोके गोल स्टेपलरने जोडली जातात. स्टेपलर बाहेर काढला की त्यात आतड्याची दोन कडी निघतात. ती दोन्ही अखंड आहेत की नाहीत हे आम्ही बोटांवर फिरवून पाहतो. मग जोडावर पाणी भरून गुदद्वारातून हवा सोडतात, सायकलची ट्यूब पंक्चरवाला पाण्यात बुडवून पाहतो तशी. बुडबुडा आला तर जोड तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. गेली अनेक वर्षे हे काम करूनही त्या अर्ध्या मिनिटात माझी नजर पडद्यावरून हलत नाही.

मग फायदा कोणता? पोटावरचा व्रण लहान दिसतो हा त्यातील सर्वांत किरकोळ फायदा आहे. नाभीच्या वरपासून खालपर्यंत वीतभर चीर पडली की माणूस दुखण्याच्या भीतीने खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, अंथरुणातून उठत नाही. त्यातून छातीत कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि वेदनेसाठी तीव्र औषधे द्यावी लागली की आतडे आणखी सुस्तावते. चीर लहान असली की ही साखळी सुरुवातीलाच तुटते. रक्त कमी जाते, जखमेत पू होण्याचे प्रमाण कमी राहते, वायू लवकर सरतो, घरी लवकर जाता येते आणि पुढे जखमेच्या जागी हर्निया होण्याचा धोकाही घटतो. शेतात राबणाऱ्या माणसाला हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ग्रंथींमध्ये कॅन्सर सापडून केमोथेरपी द्यावी लागली, तर ती शक्यतो सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. जखम चिघळलेल्या, खंगलेल्या रुग्णाला ती वेळेवर देता येत नाही.

तरीही ही पद्धत प्रत्येकासाठी नाही. आतडे पूर्ण तुंबून फुगलेले असेल, गाठ मोठी होऊन मूत्राशयाला किंवा शेजारच्या अवयवाला चिकटलेली असेल, पूर्वी पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया झालेल्या असतील, तर पोट उघडणेच शहाणपणाचे ठरू शकते. गुदाशयाच्या, म्हणजे गुदद्वाराच्या लगतच्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कॅन्सरचे चित्रही इतके सरळ नाही. 2015 मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या दोन चाचण्यांत, काढलेल्या भागाची शुद्धता पाहता दुर्बिणीची पद्धत उघड्या पद्धतीपेक्षा उणी नाही, हे सिद्ध होऊ शकले नाही. आपल्या वडिलांची गाठ सिग्मॉइडमध्ये आहे, म्हणून ती चिंता येथे लागू नाही. सर्जनना एवढेच विचारा : आपण ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने नियमितपणे करता का, आणि कोणत्या परिस्थितीत पोट उघडाल? या दुसऱ्या प्रश्नाला जे मोकळेपणाने उत्तर देतात, त्यांच्यावर भरवसा ठेवावा.

प्रश्न : माझ्या पतींना आतड्याचा टीबी होता. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, पण उजव्या बाजूला लहान आणि मोठे आतडे मिळते तेथे आतडे आकसून वाट अरुंद झाली. वारंवार पोट फुगे, उलट्या होत. एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीने शस्त्रक्रिया करायचे ठरले. बाहेर आणले तेव्हा पोटावर मोठी चीर होती. ‘कन्व्हर्ट करावे लागले,’ एवढेच सांगण्यात आले. आमची फसवणूक झाली का? (एक वाचक, जालना)

उत्तर : फसवणूक झाली असे आपल्या वर्णनावरून मला वाटत नाही. आपल्याशी नीट बोलले गेले नाही, एवढे मात्र नक्की, आणि त्याबद्दल या पेशातला म्हणून मला वाईट वाटते.

दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून पूर्ण करण्याला आमच्याकडे ‘कन्व्हर्ट करणे’ म्हणतात. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी चाचणीत, निवडक आणि अनुभवी सर्जनांच्या हातूनही, 100 पैकी 21 रुग्णांमध्ये असे करावे लागले होते. अनुभव वाढला तसे हे प्रमाण पुढे घटले, पण शून्य कधीच होणार नाही. त्यातही टीबी हा या बाबतीत सर्वांत बेभरवशाचा आजार. सीटी स्कॅनवर आटोपशीर वाटलेला भाग आत गेल्यावर पोटाच्या मागच्या भिंतीला असा चिकटलेला असतो की कोठे आतडे संपते आणि कोठे मूत्रवाहिनी सुरू होते ते पडद्यावर उमगत नाही. आपल्या पतींसारख्याच एका तरुणाच्या शस्त्रक्रियेत मी 40 मिनिटे प्रयत्न केला आणि मग अवजारे बाहेर काढून पोट उघडले. हात आत गेल्यावर कळले की मी ज्याला चिकटलेला पडदा समजून कापण्याच्या बेतात होतो, ती मूत्रवाहिनीच होती. इजा होण्यापूर्वी घेतलेला निर्णय आणि इजा झाल्यावर धावपळीत घेतलेला निर्णय यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लहान टाक्याचा हट्ट धरून बसणारा सर्जन रुग्णाचे अधिक नुकसान करतो.

ही शक्यता आपल्याला आधी, समजेल अशा मराठीत आणि सही घेण्यापूर्वी सांगायला हवी होती. निर्णय झाला त्या क्षणी कोणीतरी बाहेर येऊन ते कळवायलाही हवे होते. शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागणे हा आपला हक्क आहे. ती घ्या, कन्व्हर्ट करण्याचे कारण त्यात लिहिलेले असते. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवालही सोबत घ्या, कारण टीबी आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा, जंतुसंसर्ग नसलेला आजार) हे आजार कित्येकदा एकमेकांसारखे दिसतात आणि पुढील औषधोपचार त्या अहवालावर ठरतो.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे मोठ्या आतड्याचे ऑपरेशन दुर्बिणीने होणार आहे. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवशी चालवणार आणि खायलाही देणार. आमच्याकडे सगळे घाबरले आहेत. आतड्याला जोड असताना वारा सरण्याआधी खायला कसे देतात? महिनाभर पेजेवर ठेवू नये का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्याकडची ही समजूत घरातल्यांनी तयार केलेली नाही, ती आम्हा डॉक्टरांकडूनच घराघरांत गेली आहे. माझ्या शिक्षणाच्या काळात नाकातून नळी, चार-पाच दिवस पोटात काही नाही आणि वारा सरला का, हा रोज सकाळचा पहिला प्रश्न, असाच शिरस्ता होता. 1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन डॉ. हेन्रिक केहलेट यांनी या शिरस्त्यातील एकेक गोष्ट तपासून पाहिली आणि असे दाखवले की उपाशी ठेवणे, नळ्या ठेवणे, झोपवून ठेवणे यांनी जोड भक्कम होत नाही, उलट रुग्ण अशक्त होतो आणि आतडे उशिरा जागे होते. आज जगभर जी त्वरित पूर्ववत होण्याची पद्धत राबवली जाते, तिचा पाया हा आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पुरेपूर लाभ हिच्याशी जोड घातल्यावरच मिळतो. लहान टाके घालून रुग्णाला आठवडाभर उपाशी झोपवून ठेवले, तर त्या टाक्यांचा उपयोग काय झाला?

म्हणून साधारण क्रम असा राहतो. भूल देण्याच्या सहा तास आधीपर्यंत हलके खाणे आणि दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे पातळ, गाळलेले पेय बहुतेकांना चालते. मधुमेह किंवा जठराचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञ सांगतील ते ऐकावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी घोटघोट पाणी आणि खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे, दुसऱ्या दिवशी चहा, ताक, मऊ भात, लघवीची नळी काढणे आणि वॉर्डात फेऱ्या. दिवसातून काही वेळा च्युइंगम चघळायला देतात. तोंडात चावण्याची क्रिया झाली की आतड्यालाही कामाला लागण्याचा संकेत मिळतो, एवढे साधे त्यामागचे कारण आहे. मळमळ झाली, पोट फुगले तर थांबायचे. जबरदस्तीने भरवणे हा या पद्धतीचा भाग नाही.

घरी आल्यावर महिनाभर नुसत्या पेजेची मुळीच गरज नाही. पेजेत पिष्ट असते, पण जखम भरायला लागणारी प्रथिने पुरेशी नसतात. मुगाचे वरण, मऊ भात, अंडे, पनीर, ताक, सालबिया काढून शिजवलेला दुधी किंवा भोपळा हे सर्व द्यावे. कच्ची कोशिंबीर, मटकीच्या उसळी, मक्याची कणसे मात्र तीन-चार आठवडे बाजूला ठेवावीत. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, नातवंडे उचलणे सहा आठवडे बंद. जिने चढायला हरकत नाही.

आपल्या हातात असलेली खरी तयारी शस्त्रक्रियेपूर्वीची आहे. तीन गोळ्यांचे फुंकणी-यंत्र मिळाले असेल तर त्याने श्वास आत ओढण्याचा सराव आतापासून करवून घ्या. दररोज अर्धा तास चालवा. आणि सासूबाई मिश्री लावत असतील तर ती आजच सोडायला सांगा. ‘तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता तो प्रश्न मी वेगळाच विचारतो. मिश्रीतील निकोटीनही रक्तवाहिन्या आकसवते, आणि आतड्याचा जोड भरून येतो तो रक्तपुरवठ्यावर.

प्रश्न : आईचे वय 76. अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षे झाली, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. उजव्या बाजूच्या आतड्यात कॅन्सर आहे. या वयात दुर्बिणीची शस्त्रक्रिया सोसेल का, की आता काहीच करू नये? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : वयाचा आकडा एकट्याने काही ठरवत नाही. स्वतःची आंघोळ, देवपूजा, भाजी निवडणे, एक जिना चढणे जमते का, यावरून मला अधिक कळते. लहान जखमेचा फायदा खरे तर तरुणापेक्षा वयस्कर रुग्णाला जास्त होतो, कारण अंथरुणाला खिळल्यावर त्यांची जी शक्ती जाते ती भरून यायला फार दिवस लागतात.

पोटात भरलेल्या वायूचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या 12 ते 15 मिलिमीटर ठेवतात. त्याने आणि डोके खाली-वर कलते ठेवण्याने हृदयावर थोडा ताण येतो. म्हणून एकोकार्डिओग्राफी आणि हृदयरोगतज्ज्ञांचे मत आवश्यक आहे. गरज पडल्यास दाब कमी ठेवून काम करता येते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. कोणती, किती दिवस आधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात. उजव्या बाजूचा कॅन्सर बहुतेकदा दिसेल असे रक्त न जाता अंगातील रक्त कमी करत राहतो, तेव्हा हिमोग्लोबिन पाहून शिरेतून लोह देण्याविषयीही विचारा. काहीच न करण्याचा पर्याय सोपा वाटला तरी गाठ वाढून आतडे तुंबल्यावर हीच शस्त्रक्रिया मध्यरात्री, पोट उघडून आणि कितीतरी अधिक धोक्यात करावी लागते.

प्रश्न : रोबोटने करून घ्यावे का? खर्च बराच जास्त सांगतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करत नाही, सर्जन बाजूच्या आसनावर बसून त्याचे हात चालवतो. अरुंद कटिभागात, म्हणजे गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत, त्या हातांची वळण्याची क्षमता उपयोगी पडते. तरीही 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना करणाऱ्या 471 रुग्णांच्या चाचणीत गुदाशयाच्या कॅन्सरसाठीही पोट उघडावे लागण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. वरच्या मोठ्या आतड्यासाठी कर्ज काढून रोबोटचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारत योजनेत आपली शस्त्रक्रिया व रुग्णालय बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधी तपासावे. 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान कार्ड काढता येते.

प्रश्न : शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागेल या भीतीने पतीने शस्त्रक्रियाच नाकारली आहे. दुर्बिणीने केल्यास पिशवी टळते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पिशवी लागणे हे छिद्रांवर किंवा चिरेवर अवलंबून नसून गाठ कोठे आहे यावर अवलंबून असते. गुदद्वारापासून दूरच्या भागात, शस्त्रक्रिया ठरवून आणि आतडे फुगलेले नसताना केली, तर बहुतेकांना पिशवी लागत नाही. गाठ गुदाशयात खाली असेल तर जोड भरून येईपर्यंत काही महिन्यांसाठी ती लावतात आणि नंतर लहानशा शस्त्रक्रियेने बंद करतात. कायमची पिशवी गुदद्वाराचा स्नायूच काढावा लागला तरच.

ती लागण्याची शक्यता असेल तर आदल्या दिवशी पतींना बसवून, उभे करून आणि वाकवून पोटावर जागेची खूण करून घ्या. लेंग्याची नाडी किंवा पॅंटचा पट्टा जेथे येतो, बसल्यावर जेथे घडी पडते, ती जागा टाळायची असते. स्त्रियांमध्ये निऱ्या खोचण्याची जागा पाहतात. खूण नीट झालेली माणसे पिशवीसह शेतात, दुकानात, लग्नकार्यात वावरताना मी रोज पाहतो. शक्य झाल्यास अशा एखाद्या व्यक्तीशी पतींची भेट घडवून आणा. माझ्या सांगण्यापेक्षा त्या भेटीचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी दुर्बिणीने आतड्याची शस्त्रक्रिया झाली. पोट फारसे दुखत नाही, पण उजवा खांदा ठणकतो. हृदयाचे काही असेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : पोटात भरलेला वायू थोडा मागे राहतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती व पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, चुरचुरवतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतील त्याच मज्जातंतूंमधून जात असल्याने वेदना खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते. चालणे आणि साधी वेदनाशामक गोळी पुरते. छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर मात्र वाट न पाहता ईसीजी काढावा.

आपण चौथ्या दिवशी आहात म्हणून आणखी एक सांगतो. जोडातून गळती व्हायची झाली तर ती बहुधा पहिल्या आठवड्यात होते आणि रुग्ण तोवर घरी पोहोचलेला असतो. काल बरे असलेले पोट आज वाढते दुखू लागले, ताप आला, नाडी सतत 100 च्या वर राहिली, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, यांपैकी काहीही झाले तर गॅस झाला असेल म्हणून ओवा-सोडा देत बसू नये. त्याच रुग्णालयात, रात्र असली तरी, त्याच वेळी जावे आणि ‘आतड्याचा जोड आहे’ हे दारातच सांगावे.